तक्त्यावर नसलेली कामं

हे पत्र इंदूरमधल्या एका नोकरदार आईचं आहे. घरात पती, सासू-सासरे, सातवीतला बारा वर्षांचा मुलगा आणि चौथीतली नऊ वर्षांची मुलगी. मुलांना जबाबदारीची सवय लागावी म्हणून दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांनी फ्रिजवर एक तक्ता लावला. अंथरूण आवरणं दोन रुपये, नळाला येणारं नर्मदेचं पाणी भरणं पाच, गाडीत कचरा टाकून येणं तीन, दप्तर-बूट जागेवर ठेवणं एक. हजार रुपये साठले की उरलेले आम्ही घालू आणि गिअरची सायकल घेऊ, असंही मुलाला कबूल केलं. महिनाभर सगळं छान चाललं. मग मुलगा भाव करू लागला. पाण्याचे पाचाचे दहा मागू लागला. एका सकाळी ‘आज मला दोन रुपये नकोत’ म्हणाला आणि अंथरूण तसंच टाकून शाळेत गेला. गेल्या आठवड्यात आजोबांची बीपीची गोळी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणायला सांगितली, तर त्यानं विचारलं, ‘किती देशील?’ आजोबा शेजारीच बसले होते.

पती म्हणतात, मुलांचं काम अभ्यास करणं, हे कुठलं खूळ काढलंस. सासूबाई म्हणतात, पोराच्या जातीला कसली घरकामं सांगतेस. मुलीबद्दल ताई स्वतः लिहितात, ‘ती तशी शहाणी आहे. गच्चीवरचे कपडे आणून घड्या घालते, आजीला भाजी निवडू लागते, सगळ्यांना चहा नेऊन देते. तिला तक्त्याची गरजच पडत नाही.’ त्यांचे प्रश्न तीन आहेत. मुलगा स्वार्थी निघाला का? तक्ता फाडून टाकू का? आणि साडेसहाशे रुपये साठलेत, त्या सायकलचं काय करू?

प्रिय ताई,

तो स्वार्थी निघालेला नाही. हे आधी सांगते, कारण पत्राच्या प्रत्येक ओळीत तीच धास्ती दिसते आणि ती मनात ठेवून तुम्हाला पुढचं काही नीट ठरवता येणार नाही. घरात तुम्ही एक नियम केलात, काम केलं की पैसे. मुलानं तो नियम पक्का शिकून घेतला आणि पुढच्या कामाला लावला. पाणी भरणं पैशाचं आणि आजोबांची गोळी मायेची, ही रेघ कुठे ओढायची हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मोठ्या माणसाला ती आपोआप कळते, बाराव्या वर्षी सांगावी लागते.

आजोबांना मात्र ते बोलणं लागलं असणार, आणि ते तसंच सोडून देऊ नका. सगळ्यांसमोर माफी मागायला लावू नका, त्यानं तो नुसता कोंडीत सापडेल. तो एकटा असताना सांगा, ‘तू विचारलंस तेव्हा आजोबा ऐकत होते. त्यांना काय वाटलं असेल?’ एवढं बोलून थांबा. उत्तर लगेच आलं नाही तरी चालेल. आणि आजोबांच्या गोळ्यांची पट्टी आठवड्यातून एकदा बघायची, पुढच्या आठवड्याला पुरणार नसतील तर आणायच्या, हे काम त्याला द्या. गोळ्या कधी आणि किती घ्यायच्या हे मोठ्यांकडेच राहू द्या, त्यानं फक्त संपण्याआधी आणायच्या. आजोबांनाही सांगून ठेवा की यापुढे औषधाचं नातवाला विचारा. दोघांचं जे बिनसलंय ते अशा रोजच्या देण्याघेण्यातूनच जुळेल.

आता तक्त्याकडे येते. बक्षिसानं मुलांचं काय होतं यावर बराच अभ्यास झालेला आहे. १९७३ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. ज्यांना रंगीत पेनांनी चित्रं काढायला मुळातच आवडायचं अशी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना चित्र झाल्यावर ते अचानक दिलं, तर काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी तीच पेनं वर्गात मोकळी ठेवली. आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं त्यांच्याशी बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ रमली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची गोडी मात्र कमी झाली नव्हती.

पुढे १९९९ साली एडवर्ड डेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १२८ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. आवडीच्या कामाची गोडी कबूल केलेल्या बक्षिसानं आटते हे त्यातही दिसलं, कंटाळवाण्या कामांत मात्र तसा तोटा दिसला नाही. म्हणून मी तुम्हाला ‘पैसे देऊन मुलगा बिघडवलात’ असं अजिबात म्हणणार नाही. अंथरूण आवरण्याची हौस जगात कोणालाच नसते, आणि सवय लावायला पहिले दोन-तीन आठवडे खाऊ देणं किंवा खूण करणं काही वाईट नाही. अडचण पुढे आली, तुमच्या मुलाच्या ‘आज मला दोन रुपये नकोत’ या वाक्यात.

ते वाक्य तुम्ही उद्धटपणा म्हणून लिहिलंय. मला त्यात चोख हिशेब दिसतो. कामाची किंमत लावली की ते न करण्याचीही किंमत ठरते, आणि ती मोजून माणूस मोकळा होतो. इस्रायलमधल्या हैफा शहरात काही पाळणाघरांनी मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला. त्याचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. दंड लावल्यावर उशिरा येणारे कमी व्हायला हवे होते, ते वाढले. आधी बाईंना ताटकळत ठेवल्याची लाज वाटायची, आता दंड भरला की विषय मिटत होता. आणि दंड काढून टाकल्यावरही उशिरा येणं कमी झालं नाही.

हे शेवटचं लक्षात ठेवा, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. उद्या सकाळी रागाच्या भरात तक्ता टराटरा फाडलात, तर पैसे बंद होतील आणि कामंही बंद होतील. पैशाच्या जागी काय ठेवायचं ते आधी ठरवायला हवं.

त्याआधी तुमच्या मुलीबद्दल. पत्रातल्या ज्या वाक्याशी मी सगळ्यात जास्त थांबले ते तिचं आहे, मुलाचं नाही. कपडे आणणं, घड्या घालणं, भाजी निवडू लागणं, पाच-सहा कप चहा न सांडता प्रत्येकाच्या हातात देणं. तक्त्यावर यातलं एकही काम नाही. भाऊ स्वतःचं अंथरूण आवरून दोन रुपये घेतो आणि ही घरभराच्या कपड्यांच्या घड्या घालून ‘शहाणी’ म्हणवून घेते. तुम्ही हे मुद्दाम केलेलं नाही हे मला माहीत आहे. तिचं काम इतकं सवयीचं झालंय की तक्ता लिहिताना ते आठवलंच नाही. आपल्याही बाबतीत वर्षानुवर्षं असंच होत आलं आहे ना?

२०१९ साली देशभरात सरकारी वेळ-वापर पाहणी झाली. त्यात सहा वर्षांपुढच्या सगळ्यांना धरलं होतं. घरातल्या माणसांसाठीचं बिनपगारी घरकाम ज्या बाया-मुली करत होत्या त्यांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ त्यात जात होता. जे पुरुष-मुलगे करत होते त्यांचा ९७ मिनिटं. आणि मुळात ते करणारे पुरुष शंभरात सव्वीसच, बायका एक्क्याऐंशी. ही तफावत लग्नानंतर एका दिवसात पडत नाही. ती अशाच घरांत पडते, जिथे मुलाच्या कामाला मोल असतं आणि मुलीच्या कामाला स्वभाव म्हटलं जातं.

मुलीला एकटीला बसवून विचारा, तक्त्याबद्दल तुला काय वाटतं? घाईनं समजूत काढू नका. कदाचित ती ‘काही नाही’ म्हणेल. कदाचित तिनं सगळा हिशेब मनात ठेवलेला असेल. तिची कामंही तक्त्यावर लिहून पैसे द्यावेत असं मात्र मी म्हणणार नाही, त्यानं घरात दोन भाव करणारे होतील.

याऐवजी एका रविवारी पोहे झाल्यावर सगळ्यांनी मिळून एक मोठा कागद घ्या आणि घरात आठवडाभर जी जी कामं होतात ती सगळी लिहून काढा. आजोबा दूधवाल्याचा हिशेब ठेवतात तेही लिहा, आजी लोणच्याची बरणी उन्हात ठेवते तेही. गॅस सिलिंडर नोंदवणं, शाळेच्या फॉर्मवर सह्या करणं, धुणं-भांड्याच्या बाई येणार नाहीत त्या दिवशीची व्यवस्था, पाहुणे येणार असतील तर साखर आहे का बघणं. लक्षात ठेवण्याची कामंही यायला हवीत, कारण ती कोणाला दिसत नाहीत. मग प्रत्येक कामापुढे आज ते कोण करतं त्याचं नाव लिहा. कोणाला दोष देऊ नका, फक्त कागद सगळ्यांना बघू द्या. एकच नाव किती वेळा आलंय ते मुलं स्वतः मोजतील. तुमचे यजमानही मोजतील.

त्यानंतर प्रत्येकानं एकेक काम अख्खं घ्यावं. या ‘अख्खं’ वरच माझा सगळा भर आहे. आत्ता तुमच्याकडे पाणी भरणं मुलाचं आहे, पण आज नळ येणार हे तुमच्या लक्षात, त्याला हाक मारायची तुम्ही, माठ धुतला का विचारायचं तुम्ही आणि भरून वाहायला लागला की धावायचं तुम्ही. काम त्याचं आणि लक्ष तुमचं. अशानं त्याला हात चालवायची सवय लागेल, जबाबदारीची लागणार नाही.

नर्मदेचं पाणी १९७८ पासून नदीकाठच्या जलूद गावाहून, सुमारे सत्तर किलोमीटरांवरून विंध्य चढून इंदुरात येतं आणि बऱ्याच भागांत एक दिवसाआड, थोडाच वेळ येतं. मुलाला हे आधी सांगा, त्या नळाचं मोल त्याला कळू द्या. मग पाण्याचं काम पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याचं. आज पाळी आहे की उद्या, हे कॅलेंडरवर त्यानं लिहायचं. नळातून आधी हवेचा फुसफुस आवाज येतो, तेव्हा हातातलं सोडून उठायचं. पहिलं गढूळ पाणी बादलीत घेऊन कुंड्यांना ठेवायचं. माठ आतून हात फिरवून धुवायचा, तोंडाला गाळणं बांधायचं, आधी पिण्याचं भरायचं, मग वापरायचं. मोटरचं बटण मात्र मोठ्या माणसानंच दाबायचं. ओल्या हातानं बटणाला हात लावायचा नाही हा नियम घरात सगळ्यांना एकच. शेवटी नळ घट्ट बंद करून फरशी पुसायची. तिथे काम संपलं.

एखाद्या दिवशी तो विसरेल. तेव्हा तुम्ही काय करता यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. हाका मारू नका आणि त्याच्या आधी धावत जाऊन भरूही नका. आजी-आजोबांपुरतं पाणी एका कळशीत आधीच राखून ठेवा आणि बाकीच्यांना टंचाई होऊ द्या. संध्याकाळी माठ रिकामा दिसला की ‘बघ, सांगितलं होतं ना’ हे वाक्य गिळायचं. ‘पाणी संपलंय, आता काय करायचं?’ एवढंच विचारायचं. शेजारच्या काकूंकडे कळशी घेऊन त्यालाच जाऊ द्या. हा दिवस एकदा येऊन गेला की बहुतेक मुलं नळाची वेळ आपण होऊन लक्षात ठेवतात.

मुलीला कचऱ्याचं काम द्या. इंदूर स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ पासून सलग सात वर्षं देशात पहिलं आलं ते घराघरांतून कचरा वेगळा होऊन गाडीत पडतो म्हणून, आणि त्या शहरातल्या मुलीला आपल्या घरातला वाटा अभिमानाचा वाटेल. ओला-सुका वेगळा, दुधाच्या पिशव्या धुऊन सुक्यात, जुने सेल आणि बिघडलेले चार्जर वेगळ्या डब्यात. काच, सॅनिटरी कचरा आणि औषधांच्या बाटल्या मोठ्यांनी बांधून द्यायच्या. गाडीचं गाणं ऐकू आलं की डबे घेऊन खाली. दोन महिन्यांनी दोघांची कामं बदला. कपड्यांच्या घड्या आणि चहा मुलाकडे येऊ द्या, किराणा आणि दळण मुलीकडे. बाहेरची कामं मुलाला आणि घरातली मुलीला, अशी वाटणी न ठरवताच होऊन जाते, म्हणून अदलाबदल कागदावरच लिहून ठेवा.

कामाकडे बघण्याबद्दलही एक सांगते. बारा वर्षांच्या मुलानं घातलेली घडी वाकडी असेल. तुम्ही ती त्याच्यादेखत उलगडून परत घातलीत तर त्याला कळतं की आपण केलं काय आणि नाही काय, सारखंच. वाकडी घडी कपाटात जाऊ द्या. शाबासकी देताना ‘गुणी बाळ माझं’ यापेक्षा ‘आज माठ भरलेला होता, मला आल्या आल्या गार पाणी मिळालं’ असं म्हणा. कामानं कोणाचं काय झालं हे मुलाला दिसायला हवं.

पैशाचं काय? पैसे द्या, कामापासून वेगळे द्या. दर रविवारी दोघांना ठरलेला हातखर्च, तुमच्या ऐपतीप्रमाणे, काम झालं असो वा नसो. त्यात काय काय भागवायचं हेही ठरवा, मधल्या सुट्टीतला खाऊ, मित्राच्या वाढदिवसाचं कार्ड, स्टिकर. नोटा-नाणीच द्या, फोनवरून पाठवू नका. घरातला सगळा पैसा हल्ली स्कॅनरवरून जातो, हातातली नोट मोडल्यावर किती उरलं हे मुलांना दिसतच नाही. बुधवारी संपले तर रविवारपर्यंत संपले. छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत जायच्या दिवशी खिसा रिकामा असला तरी आगाऊ देऊ नका. काम चुकलं म्हणून हातखर्च कापूही नका, नाहीतर तक्ता मागच्या दारानं परत येईल.

जादा कमाईची वाटही मोकळी ठेवा. कधीमधी निघणारी आणि एरवी बाहेरच्या माणसाला पैसे देऊन करून घेतली असती अशी कामं पैशाची. स्कूटर धुणं, दिवाळीआधी माळा आवरणं, रद्दी बांधून विकून येणं. रद्दीचे पैसे दोघांनी वाटून घ्यावेत. रोजचं घरकाम यात येत नाही, कारण ते आपल्याच राहण्याचं आहे.

सासूबाईंशी वाद घालू नका. विनोबा १९६० साली इंदुरात मुक्कामाला होते तेव्हा त्यांनी शहराच्या सफाईला स्वतः हात घातला होता. त्या पिढीला हे सांगावं लागत नाही, आठवण करून द्यावी लागते. नातवाला एखादं काम त्यांनाच शिकवू द्या, ताक घुसळणं म्हणा किंवा शेंगदाण्याचं कूट. शिकवणारी आजी विरोध करत नाही. यजमानांचा अभ्यासाचा मुद्दा खरा असला तरी लहान आहे, कारण ही कामं मिळून दिवसाला अर्धा तासही घेत नाहीत, आणि परीक्षेच्या आठवड्यात भावंडांनी एकमेकांची कामं अदलून-बदलून घ्यावीत. मोठा मुद्दा वेगळा आहे. त्या कागदावर त्यांच्या नावापुढे एक रोजचं काम यायला हवं. बाबा जेवल्यावर स्वतःचं ताट उचलत नसतील, तर मुलगा तुमचं कशाला ऐकेल?

अगदी लहान मुलं असलेल्या वाचकांनाही हे उपयोगी पडेल. तीन-चार वर्षांच्या मुलाला मदत करायची स्वतःहून हौस असते, त्याला बक्षीस लागत नाही. ताराबाई मोडकांच्या बालवाड्यांत झाडणं, पाणी ओतणं, निवडणं हा शिक्षणाचाच भाग होता. मोज्यांच्या जोड्या लावणं, वाट्या-चमचे मांडणं, मटार सोलणं हे त्याला करू द्या. दहा मिनिटांच्या कामाला अर्धा तास लागेल, तो त्या वयात द्यावाच. ‘तू राहू दे, सांडशील’ असं चार वर्षं ऐकलेलं मूल आठव्या वर्षी बोलावूनही येत नाही.

राहिली सायकल. कबूल केली आहे, तेव्हा द्यायचीच. तक्ता काढायच्या दिवशी आजवरचा हिशेब पै-पैसकट चुकता करा आणि सांगा, ‘तक्ता मी लावला होता, मीच काढतेय. तुझं काही चुकलं नाही.’ साडेसहाशेत उरलेली भर तुम्ही घाला, हजार होण्याची वाट बघू नका आणि त्या बदल्यात नव्या अटीही घालू नका. एकच आधी बोलून घ्या, मुलीसाठी काय कबूल केलंय? काहीच नसेल, तर सायकल आणायला जाण्यापूर्वी ते ठरवा आणि तिला सांगा.